जुन्या शाळांच्या इमारती: पाडाव्यात, जपाव्यात की स्मारक करावे?

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि शाळेच्या छात्रालयाचा भारही त्यांच्याकडे होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा गावाची ओळख गुरुजींच्या नावावाचून पुरी होणे शक्यच नव्हते. त्याआधी दोनच महिने, ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री, पुण्यात बुधवार पेठेतला भिडेवाडा जमीनदोस्त झाला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी शाळा काढली ती या वाड्यात. ती शाळा लोकांच्या लक्षात राहावी, म्हणूनच तो वाडा पाडला गेला.

एखादी शाळा इतिहासात महत्त्वाची असेल, तर तिच्या इमारतीचे काय करायचे? मुले बसतात ती जागा आधी सुरक्षित हवी, असे शाळा चालवणारे म्हणतात. वास्तुसंवर्धक म्हणतात, भिंत गेली की पुरावा गेला. सामाजिक चळवळींना तिथे स्मारक हवे असते. आणि शाळा हलली की परत येत नाही, ही पालकांची भीती असते. चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अमळनेरच्या कोणा एका इमारतीबद्दल निवाडा देण्याचा या लेखाचा हेतू नाही. हा वाद आज कुठवर आला आहे, एवढेच पाहायचे आहे.

इमारत कोणाची, हा पहिला प्रश्न

महाराष्ट्रातल्या जुन्या शाळा साधारण तीन वाटांनी उभ्या राहिल्या. काही खासगी वाड्यांत किंवा राजवाड्यांत भरल्या. काही सरकारने, लोकल बोर्डांनी आणि नगरपालिकांनी बांधल्या. उरलेल्या दात्यांच्या पैशातून शिक्षण संस्थांनी उभारल्या. खानदेशात या तिसऱ्या प्रकाराचे वजन मोठे आहे. श्रीमंत प्रतापशेठ, म्हणजे मोतीलाल माणिकचंद, यांनी अमळनेरला गिरणी काढली आणि त्या पैशातला मोठा वाटा ज्ञानाच्या कामाला दिला. १९१६ साली त्यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. शिक्षक होण्याआधी साने गुरुजी अमळनेरला आले ते याच मंदिरात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला. प्रताप महाविद्यालय १९४५ चे. गिरणी बंद पडून काळ लोटला, पण तिच्या नफ्यातून उभ्या राहिलेल्या शिक्षण संस्था चालू आहेत. गावाच्या अर्थकारणावर टिप्पणी म्हणून एवढे पुरे.

मालकीचा हा तपशील रुक्ष वाटतो, पण पुढचा सगळा वाद त्यावरच फिरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेचा निर्णय प्रशासकीय असतो. वर्गखोली धोकादायक ठरली की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, मंजुरी मिळते, खोली पाडली जाते. त्या प्रवासात इमारतीचे वय विचारले जाते ते ती किती जुनी, म्हणजे किती निकामी, हे ठरवायला. संस्थेच्या शाळेचा निर्णय कार्यकारिणी घेते. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. मात्र संस्थेने स्वतःच्याच जागेवरची जुनी इमारत पाडून स्वतःसाठी नवी बांधली, तर हे कलम आड येत नाही. शाळा खासगी वाड्यात भरत असेल तर मालक, भाडेकरू, बँक आणि न्यायालय असे सगळेच त्यात येतात. भिडेवाड्याचे तेच झाले.

भिडेवाडा

दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोरचा तात्यासाहेब भिडे यांचा हा वाडा. १८४८ साली फुले दांपत्याची मुलींची शाळा इथे सुरू झाली. सावित्रीबाई इथे शिकवू लागल्या तेव्हा त्या अठराच्या आतबाहेर होत्या. १ जानेवारी हा दिवस लोकमानसात रुजला आहे. तारखेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, काही जण ऑगस्ट १८४८ कडे बोट दाखवतात. विरोध आणि पैशाची चणचण यांमुळे ही शाळा फार काळ सलग चालली नाही. ३ जुलै १८५१ ला बुधवार पेठेतच चिपळूणकर वाड्यात मुलींची शाळा नव्याने सुरू झाली. ‘देशातली पहिली’ हे बिरुदही थोडे जपून वापरावे लागते. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधीच्या आहेत आणि बंगालमध्ये बारासातला भारतीयांनीच काढलेली मुलींची शाळा १८४७ ची आहे. यामुळे फुल्यांचे काम तसूभरही कमी होत नाही. शूद्रातिशूद्रांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणाचा जो कार्यक्रम त्यांनी हाती घेतला, त्याचा आवाका एका तारखेवर अवलंबून नाही. पण स्मारकाच्या फलकावर नेमके काय लिहायचे, हा प्रश्न त्यामुळे खराखुरा उरतो.

पुढच्या दीडशे वर्षांत वाड्याने पुष्कळ रूपे घेतली. तळमजल्यावर दुकाने आली, माड्या खचल्या, लाकूड कुजले. जागा संपादन करून स्मारक करण्याचा ठराव पुणे महापालिकेने २००६ मध्ये केला. भूसंपादनाला मालक-भाडेकरूंनी उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि प्रकरण तेरा वर्षे तिथे राहिले. दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, कार्यकर्ते वाड्यासमोर जमत, निवेदने देत, आणि वाडा आणखी एक पावसाळा खात असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल महापालिकेच्या बाजूने दिला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताबा घेऊन वाडा एका रात्रीत उतरवण्यात आला. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने स्मारकाचे भूमिपूजन झाले.

या पाडकामाबद्दल दोन प्रामाणिक मते आहेत. पहिले असे, की २०२३ मध्ये उरलेला सांगाडा १८४८ चा नव्हताच. तो कधी कोसळेल याचा नेम नव्हता. जागा मिळाली हेच मोठे यश, कारण जागेचे पावित्र्य भिंतींत नसून तिथे जे घडले त्यात असते. दुसरे मत असे, की सांगाड्यात मूळचे किती आणि नंतरचे किती, हे तपासण्याची शेवटची संधी त्या रात्री गेली. जोते, विटांची मापे, तुळयांवरचे जोडकाम, चुन्याचे थर वाचून वाड्याची जुनी रचना कळू शकते. ही वाचणी शांतपणे, दिवसाउजेडी आणि वेळ देऊन करायला हवी होती, असे या बाजूचे म्हणणे.

मला दुसऱ्या मताचे पारडे थोडे जड वाटते. पण त्याचा दोष डिसेंबर २०२३ वर टाकणे बरोबर नाही. मोजमापे, छायाचित्रे, नकाशे यांसाठी २००६ ते २०२३ अशी सतरा वर्षे हाताशी होती. वाद मालकीचा चालू असताना नोंदीचे काम थांबवण्याचे कारण नव्हते. इमारत बुलडोझरने एका रात्रीत पडते खरी, पण ती जाते मात्र त्याआधीच्या गळतीच्या वर्षांत.

मुलांचा जीव

पाडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना सरसकट बिल्डरधार्जिणे ठरवण्याची आपल्याकडे सवय आहे. ती अन्यायाची आहे. २८ ऑगस्ट २०१७ ला अहमदनगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी गेले. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात शाळेची इमारत कोसळली, सात मुले गेली. अशी बातमी वाचल्यावर मुख्याध्यापकाने गळक्या खोलीत वर्ग भरवायला नकार दिला, तर त्याला वारशाचे महत्त्व समजावून सांगायला कोणत्या तोंडाने जायचे?

शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ ची मानके आहेत. शिक्षकागणिक एक वर्गखोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अपंग मुलांना विनाअडथळा प्रवेश. जुन्या इमारतींचे उंच जोते आणि अरुंद लाकडी जिने या शेवटच्या अटीत बसत नाहीत. जोत्याला उतार जोडता येतो. माडीवरच्या वर्गाचे काय करायचे, हे सोपे नाही.

आता अडचणीची गोष्ट. इमारत धोकादायक आहे हे कोण आणि कशावरून ठरवतो? नगरपरिषद हद्दीत १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमाच्या कलम १९५ खाली धोकादायक इमारतीला नोटीस निघते. पुढे स्ट्रक्चरल ऑडिट होते आणि इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करा, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. या चार खणांपैकी कोणता मिळतो त्यावर इमारतीचे आयुष्य ठरते. पण आपल्याकडच्या बहुतेक अभियंत्यांचे शिक्षण आणि रोजचे काम आरसीसीचे. काँक्रीटवर हातोडा मारून ताकद मोजणारी यंत्रे काळ्या दगडाच्या, चुन्याने सांधलेल्या दोन फुटी भिंतीबद्दल फारसे काही सांगत नाहीत. अशा भिंतीचा भार वाहण्याचा प्रकारच वेगळा. दगडी-विटांच्या बांधकामाची तपासणी आणि मजबुती यांसाठी आयएस १३९३५ हे भारतीय मानक आहे आणि वारसा इमारतींच्या जतनासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची २०१३ ची मार्गदर्शिकाही आहे. प्रश्न ती वापरणाऱ्यांचा आहे. संवर्धन वास्तुविशारद मुंबई-पुण्यात एकवटलेले, आणि तालुक्याच्या संस्थेला त्यांची फी व प्रवासखर्च परवडत नाही.

दगड, चुना, साग

संवर्धकांची बाजू भावनेवर उभी आहे असा समज आहे. प्रत्यक्षात ती बरीचशी बांधकामाची आहे. खानदेशातल्या जुन्या सार्वजनिक इमारतींत काळा दगड, चुना, साग आणि मंगलोरी कौले हा मेळ सर्रास दिसतो. हे सगळे साहित्य सुटे करून बदलता येते. कौल फुटले, कौल बदला. वासा कुजला, वासा बदला. अशा इमारतीचे नुकसान बहुतेक वेळा वरून आणि खालून होते: फुटक्या कौलांतून व तुंबलेल्या पन्हळींतून पाणी, आणि जमिनीतून वाळवी व ओल. या दोन्हींचा बंदोबस्त वेळेवर झाला तर मधली भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. त्यात भर पडते सिमेंटची. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि दुरुस्तीच दुखणे होऊन बसते. चांगल्या हेतूने, देणगीच्या पैशातून आणि समारंभपूर्वक केलेल्या अशा दुरुस्त्या गावोगाव पाहायला मिळतात.

खानदेशापुरता आणखी एक मुद्दा आहे आणि तो शहरी चर्चेत क्वचित येतो. इथे एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून उन्हाळ्यात शाळा सकाळची करावी लागते. जाड भिंती, उंच छत, चारी बाजूंनी व्हरांडा आणि समोरासमोर खिडक्या असलेला वर्ग आणि आरसीसी स्लॅबखालचा आठ-नऊ फुटी वर्ग यांत दुपारी बारा वाजता काय फरक असतो, हे दोन्हींत शिकवलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकात हा फरक कुठल्याच रकान्यात येत नाही.

याविरुद्धचा आक्षेप पैशाचा आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. नव्या खोल्यांसाठी सरकारी योजनांतून निधी मिळतो, जिल्हा नियोजनातून मिळतो, आमदार निधीतून मिळतो. नव्या इमारतीवर देणगीदाराचे नाव लागते, कोनशिला बसते. कौले परतण्यासाठी आणि पन्हळी साफ करण्यासाठी कोणी कोनशिला बसवत नाही. संस्थेने वर्षानुवर्षे देखभाल केली नाही हे खरे, पण वेतनेतर अनुदानावर चालणाऱ्या शाळेने ती कशातून करायची, याचे उत्तर संवर्धकांकडेही नसते.

शाळा राहावी की स्मारक व्हावे

इमारत वाचली तरी वाद संपत नाही. राजकोटच्या आल्फ्रेड हायस्कूलमधून मोहनदास गांधी १८८७ मध्ये मॅट्रिक झाले. जुनागडच्या नबाबाने बांधलेली ही भव्य इमारत. २०१७ मध्ये शाळा बंद करण्यात आली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिथे गांधी संग्रहालय उघडले. इमारत उत्तम राखली आहे, पण वर्ग भरत नाहीत. हा यशस्वी जतनाचा नमुना मानायचा की शाळेच्या शेवटाचा, यावर एकमत होणे कठीण आहे.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचे उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव इथे दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरमधली १९१४ क्रमांकाची ती नोंद आजही आहे. राज्य सरकारने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. त्यामागचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे रजिस्टरातली ती एक ओळ. इमारतींच्या वादात शाळेच्या दप्तरांकडे दुर्लक्ष होते, म्हणून हे नोंदवले.

कोल्हापूरला भवानी मंडपातल्या मेन राजाराम हायस्कूलच्या जागेचा वापर बदलण्याची चर्चा निघाली तेव्हा माजी विद्यार्थी विरोधात उभे राहिले. इमारत पाडण्याचा तिथे प्रश्न नव्हता, शाळा हलवण्याचा होता. मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळांच्या इमारती धोकादायक म्हणून रिकाम्या केल्या जातात तेव्हा पालक आणि मराठीसाठी काम करणाऱ्या संघटना याच शंकेने अस्वस्थ होतात. त्यांना वास्तुशैलीशी कर्तव्य नाही. मुले दूरच्या शाळेत पांगतात, पट घसरतो, मग घसरलेल्या पटाचे कारण देऊन शाळाच बंद होते, हा त्यांचा युक्तिवाद. प्रशासन म्हणते, पुनर्बांधणीनंतर शाळा तिथेच भरेल. दोघांतला विश्वास केव्हाच संपला आहे, आणि लेखी मुदत दिल्याशिवाय तो परत येणार नाही.

कायदा काय देतो

१९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्याखाली किमान शंभर वर्षे जुनी आणि राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू संरक्षित करता येते. भोवतालच्या शंभर मीटरवर बांधकामबंदी येते, पुढच्या दोनशे मीटरवर निर्बंध येतात. गावाच्या मधोमध असलेल्या चालत्या शाळेला हा अंगरखा फार मोठा होतो. महाराष्ट्राचा १९६० चा स्वतःचा कायदाही मुख्यतः स्मारकांसाठी आहे.

उपयोगी पडते ती तिसरी वाट, वारसा यादीची. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू केली. देशातली ती पहिली. तीत इमारतींना पहिली, दुसरी, तिसरी श्रेणी मिळते आणि श्रेणीनुसार आत-बाहेर किती बदल करता येतील हे ठरते. वापर चालू ठेवून जतन, हा तिचा गाभा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या इमारतींचे जतन हा विकास आराखड्याचा विषय आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईबाहेरच्या नगरपरिषदांसाठीही वारसा जतनाच्या तरतुदी केल्या. म्हणजे अमळनेर, चोपडा, पारोळा यांच्यापाशी नियम आहे. नियमाला जीव येतो तो नगरपरिषदेने यादी करून, हरकती-सूचना मागवून ती मंजूर करून घेतल्यावर. यादीत नाव नसलेल्या इमारतीला नियम हात लावत नाही.

एक दूरचे उदाहरण

जपानमध्ये शिगा प्रांतातल्या तोयोसातो या लहान गावी १९३७ साली एका माजी विद्यार्थ्याने, व्यापारात कमावलेल्या पैशातून, गावाला प्राथमिक शाळेची देखणी इमारत बांधून दिली. वास्तुविशारद होते विल्यम व्होरीज. २००२ मध्ये तिथल्या महापौरांनी भूकंपाचा धोका दाखवून ती पाडायचे ठरवले. रहिवासी न्यायालयात गेले, मनाई मिळाली, तरी पाडकाम सुरू झाले आणि विरोधामुळे थांबले. लोकांनी मतदान करून महापौरांना पदावरून दूर केले, आणि पुढच्याच निवडणुकीत तेच महापौर पुन्हा निवडून आले! गावाचे मत खरोखर दुभंगलेले होते. शेवटी नवी शाळा शेजारी बांधली गेली. जुनी इमारत मजबूत करून २००९ पर्यंत दुरुस्त झाली, आणि ती आता ग्रंथालय व गावाच्या इतर कामांसाठी वापरात आहे. दात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शाळांच्या गावांनी हे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मात्र तिथे शेजारी मोकळी जागा होती, हे विसरू नये.

अनिर्णित काय राहिले

मोठ्या माणसाचे नाव जोडलेले नसेल तर इमारत वारसा ठरते का, यावर अजून मत बनलेले नाही. आंबेडकर, गांधी, फुले, साने गुरुजी या नावांनी चर्चा सुरू होते. ज्या शाळेतून शेकडो मुलांच्या घराण्यात पहिल्यांदा अक्षर आले, पण कोणी प्रसिद्ध झाले नाही, तिच्यासाठी कोणी उभे राहत नाही. पाडून हुबेहूब नवे बांधणे हे जतन आहे का, यावरही वाद आहे. वास्तुजतनाबाबतची १९६४ ची व्हेनिस सनद मूळ साहित्याला मान देते. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणाचे निकष संस्कृतीप्रमाणे वेगळे असू शकतात हे मान्य केले. जीर्णोद्धाराची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला दुसरी भूमिका जवळची वाटेल, पण तिच्या आडून काहीही पाडता येते, हा धोकाही तितकाच खरा. आणि देखभालीचा पैसा कोणाच्या खात्यातून, हे तर कोणीच सांगत नाही.

या सगळ्यांची उत्तरे मिळायला वेळ लागेल. त्याआधी होण्यासारखी दोन कामे मात्र कोणत्याही पक्षाला अमान्य नाहीत. नगरपरिषदेने शाळांसह वारसा यादीचा मसुदा करावा. आणि पाडकामाचा कोणताही ठराव होण्याआधी इमारतीची मोजणी, नकाशे, छायाचित्रे व दगडी बांधकाम जाणणाऱ्या माणसाचा अहवाल फायलीत असावा. खानदेशातल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी वर्गाचे समूहफोटो, स्नेहसंमेलनांचे अंक, जुनी प्रगतिपुस्तके पडून आहेत. ज्यांच्याकडे मागे इमारत दिसणारा एखादा फोटो असेल, त्यांनी त्याची प्रत वर्ष आणि जागा लिहून शाळेच्या कार्यालयात द्यावी, आणि पोच घ्यावी.